22,000 रुपयांचे कार्बन प्लेट शूज घ्यावेत का, आणि ते आपल्या पायाला चालतात हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 36, वजन 74 किलो, राहायला नाशिकचं इंदिरानगर, आठवड्यातून चार दिवस धावणं. हाफ मॅरेथॉनची आजवरची सर्वांत चांगली वेळ 1 तास 52 मिनिटं आणि जानेवारीत मुंबईला 1:45 च्या आत यायचंय. ग्रुपमधल्या मित्राने कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची ताठ पट्टी असलेले शूज घेतलेत आणि त्याच्या मते चार टक्के फरक पडतो. त्याचेच शूज घालून तुम्ही एका सकाळी पाच किलोमीटर पळालात. पळताना भारी वाटलं, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या. आता 22,000 रुपये घालावेत का, आणि शूज चांगले की वाईट हे ठरवायचं कशावरून?

शूज चांगले आहेत का, हा यातला सोपा भाग. नामांकित कंपन्यांचे आजचे बहुतेक रेसिंग शूज चांगलेच आहेत. कस लागतो तो पुढच्या प्रश्नाला: तुमच्या पायात, तुमच्या वेगाला, सतराव्या-अठराव्या किलोमीटरला, पाय थकलेले असताना ते चांगले राहतात का? दुकानात चार पावलं टाकून किंवा मित्राच्या शूजमध्ये ताज्या पायांनी पाच किलोमीटर पळून हे कळत नाही. मी गेली बरीच वर्षं नाशिकमध्ये हौशी धावकांना शिकवतोय. माझ्या पाहण्यात या शूजबद्दलचे चुकलेले निर्णय बहुतेक एकाच कारणाने चुकतात. शूज ताज्या पायांवर पारखले जातात आणि वापरले जातात थकलेल्या पायांवर.

आधी त्या चार टक्क्यांचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. हा आकडा 2017 च्या अखेरीस आलेल्या अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या एका अभ्यासातला आहे. अभ्यासाला पैसा नायकीचा होता आणि शूज होते त्यांच्याच व्हेपरफ्लाय या कार्बन प्लेटच्या मॉडेलचा पहिला नमुना. 18 धावक होते, तेही 10 किलोमीटर 32 मिनिटांच्या आत पळणारे. त्यांना ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटर वेगाने पळवलं आणि शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं. व्हेपरफ्लाय आणि तुलनेचे दोन साधे रेसिंग शूज अशा तिन्ही जोड्यांचं वजन सारखं करून घेतलं होतं, म्हणजे हलकेपणाचा फायदा त्यात धरलेला नाही. सरासरी बचत चार टक्के निघाली, पण कुणाला दोनच्याही खाली तर कुणाला सहाच्या आसपास. हे चार टक्के ऊर्जेतले आहेत, घड्याळातले नाहीत, आणि आपल्यापेक्षा खूप वेगवान माणसांचे आहेत.

तुमचा हिशोब वेगळा बसतो. 1:52 म्हणजे किलोमीटरला साधारण 5 मिनिटं 18 सेकंद. 1:45 म्हणजे 4 मिनिटं 58 सेकंद, ताशी जवळपास 12 किलोमीटर. नेमक्या या वेगाचा एक अभ्यास 2023 मध्ये आला. त्यात व्हेपरफ्लायच्या पुढच्या आवृत्तीने ताशी 12 किलोमीटरला सरासरी 1.4 टक्के आणि ताशी 10 किलोमीटरला 0.9 टक्के ऊर्जा वाचवली. यातही माणसामाणसांत मोठा फरक होता, काहींची ऊर्जा तर उलट जास्त गेली. या वेगाला हवेचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे ऊर्जेतली बचत बरीचशी वेगात उतरते असं धरून चालू. 1:52 चे 1.4 टक्के म्हणजे दीड मिनिट. तुम्हाला हवी आहेत सात मिनिटं.

हा हिशोब मी शूज घेऊ नका म्हणून मांडत नाहीये. दीड मिनिट म्हणजे काही कमी नाही, 1:46 वर अडकलेल्या माणसासाठी तर ते सोनं आहे. पण तुमची उरलेली साडेपाच मिनिटं आठवड्याच्या टेम्पो रनमधून (जरा कष्टाच्या पण टिकेल अशा वेगाने सलग धावणं), रविवारच्या लाँग रनमधून, पोटऱ्यांच्या ताकदीतून आणि झोपेतून येणार आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक मिळवलं तेव्हा असे शूज जगात कुणाच्याच पायात नव्हते. सराव चार दिवसांचाच राहणार असेल तर त्या चारांतला एक दिवस खरोखर वेगाचा आहे का, हे शूजच्या आधी बघा.

आता शूज काम कसं करतात ते थोडं समजून घ्या, म्हणजे विकत घेताना फसगत होणार नाही. लोक म्हणतात आत कार्बनची पट्टी आहे, ती स्प्रिंगसारखी फेकते. प्लेटचं हे श्रेय जरा जास्तच आहे. संशोधकांनी अशाच शूजमधली प्लेट आडवी कापून तिचा ताठपणा घालवला आणि पुन्हा मोजमाप केलं. ऊर्जेत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तोही ठामपणे सांगावा इतका नाही. मोठं काम करतो तो फोम. या शूजमध्ये पीबा नावाचा हलका, मऊ आणि उसळणारा फोम असतो. कोलोरॅडोच्या त्याच अभ्यासात यंत्राने दाबून पाहिलं तेव्हा या फोमने दाबताना घातलेली ऊर्जा सुमारे 87 टक्के परत दिली. तुलनेला घेतलेल्या तेव्हाच्या दोन नावाजलेल्या रेसिंग शूजमध्ये हेच प्रमाण 76 आणि 66 टक्के होतं. एवढा जाड आणि मऊ फोम नुसता पायाखाली ठेवला तर पाय त्यात डगमगेल. प्लेट त्याला आकार देते, पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा वर वळलेला ठेवते आणि अंगठ्याचा सांधा फार वाकू देत नाही. फोम, प्लेट, वळण आणि कमी वजन असं चौघांचं मिळून ते यंत्र आहे.

यातून खरेदीचा एक नियम निघतो आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. खोक्यावरचा ‘कार्बन’ हा शब्द बघून पैसे देऊ नका, फोम कुठला ते विचारा. बाजारात सहा-सात हजारांत ‘कार्बन प्लेट’ लिहिलेले शूज मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच जोड्यांत साधा ईव्हीए फोम असतो. साध्या फोममध्ये ताठ पट्टी घातली की शूज फक्त कडक होतो. त्यापेक्षा बिनप्लेटचा पण चांगल्या फोमचा शूज तुम्हाला जास्त देईल. एक साधी परीक्षा सांगतो. मिडसोलच्या (तळातल्या फोमच्या थराच्या) बाजूने, टाचेपाशी, अंगठा जोरात रुतवा आणि सोडा. चांगला रेसिंग फोम खोल दबतो आणि अंगठा उचलताच खड्डा नाहीसा होतो. साधा फोम मुळात कमी दबतो, दबलाच तर सावकाश वर येतो. मग जोडीतला एक शूज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तुमच्या मापात हे शूज साधारण 200 ते 230 ग्रॅम भरतात. 280 च्या पुढे काटा गेला तर खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो रेसिंग शूज नव्हे. पायातले 100 ग्रॅम वाढले की धावण्याचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. म्हणजे तुम्हाला मिळणारा बहुतेक फायदा तिथेच संपला.

यापुढचं बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे आणि ते मला इथे बसून दिसत नाही. तुमचा पाय टाचेवर पडतो की मधल्या भागावर? घोटा आत झुकतो का? पूर्वी तळव्याचं किंवा अकिलीसचं (टाचेमागच्या कंडरेचं) दुखणं झालंय का? 74 किलो हे वजन काही अडचणीचं नाही, पण अगदी मऊ शूजमध्ये जड धावकाचा फोम पूर्ण दबतो आणि उसळी मिळत नाही, हेही मी पाहिलंय. माणसामाणसांत फरक किती पडावा? केनियाच्या सात जागतिक दर्जाच्या धावकांवर झालेल्या एका अभ्यासात साध्या सपाट रेसिंग शूजच्या तुलनेत या नव्या शूजनी एकाला 11.4 टक्के फायदा दिला आणि दुसऱ्या टोकाच्या धावकाचा 11.3 टक्के तोटा केला. तिथे ही तऱ्हा असेल तर मित्राचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या पायावर चाचणी घ्यावी लागेल.

मी आमच्या ग्रुपमध्ये करून घेतो ती चाचणी अशी.

जागा आधी. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गर्दी असते, तिथे पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) धरता येत नाही. गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढे मोकळं मिळतं, पण रस्ता वर-खाली होतो. त्यामुळे एक किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेने एक किलोमीटर परत यायचं, म्हणजे चढ-उतार फिटतात. वारा असला तर तोही बराचसा फिटतो. उजाडल्याबरोबर सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा. दहा-पंधरा मिनिटं हलकं पळून अंग गरम करा आणि मग असे दोन किलोमीटरचे चार तुकडे पळा, मध्ये चार मिनिटं विश्रांती, त्यातच शूज बदलायचे. क्रम महत्त्वाचा आहे: पहिला तुकडा रोजच्या शूजमध्ये, दुसरा नव्या, तिसरा पुन्हा नव्या आणि चौथा रोजच्या. हा उलटसुलट क्रम का, तर सकाळ पुढे सरकते तशी ऊब वाढते, थकवा चढतो आणि हार्ट रेट आपोआप वर जातो. तुम्ही दोन तुकडे जुन्यात आणि मग दोन नव्यात पळालात तर तो सगळा थकवा नव्या शूजच्या खात्यावर जमा होईल.

पेस चारही तुकड्यांत सारखा ठेवा, तुमच्यासाठी किलोमीटरला 5:05 ठीक राहील. मग प्रत्येक तुकड्याच्या दुसऱ्या किलोमीटरचा सरासरी हार्ट रेट लिहून काढा. जुन्याच्या दोन तुकड्यांची सरासरी एकीकडे, नव्याच्या दोघांची दुसरीकडे. मनगटावरचं घड्याळ वेगाने पळताना ठोके चुकीचे दाखवू शकतं, म्हणून छातीचा पट्टा कुणाकडून तरी मागून घ्या.

या चाचणीचं मोल किती, हेही सांगायला हवं. 1.4 टक्के ऊर्जा वाचली तर तुमच्या ठोक्यांत दीड-दोनचाच फरक दिसेल. एवढा फरक आदल्या रात्रीच्या जागरणाने किंवा एक कप चहानेही पडतो. त्यामुळे एका सकाळच्या आकड्यांवरून ‘दोन ठोके कमी, शूज पास’ असं म्हणता येणार नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने ती आणखी दोनदा करा. तिन्ही वेळा नवे शूज एकाच बाजूला झुकले तर ती खूण समजा. एका चाचणीत कळतं ते ढोबळ असतं. नव्या शूजमध्ये ठोके चार-पाचने वाढले किंवा तोच पेस धरताना श्वास स्पष्ट जड झाला, तर ती जोडी तुमची नाही आणि हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. पायात महागडे शूज आहेत हे डोक्याला ठाऊक असतं, त्याचाही असर होतो. म्हणून ‘कसं वाटलं’ याला मी आकड्यांच्या खालोखालच जागा देतो.

आणि मुंबईची हवा दमट, आपली डिसेंबरची पहाट कोरडी आणि थंड. इथे मिळालेले ठोके तिथे जसेच्या तसे मिळणार नाहीत, मुंबईत ते वरच असतील. दोन शूजमधली तुलना मात्र खरी राहते, कारण दोन्ही जोड्या त्याच सकाळी त्याच हवेत पळालेल्या असतात.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा, जी फार थोडे जण करतात. नवे शूज घालून 16 किलोमीटर पळा. पहिले 11 आरामात, शेवटचे पाच रेसच्या पेसने. त्या शेवटच्या पाचात मित्राला सायकलवर मागे ठेवा आणि मागून, गुडघ्याच्या उंचीवरून, फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. एकदा बाराव्या किलोमीटरला, एकदा सोळाव्याला.

व्हिडिओत काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये जवळपास सारख्याच वेळेचे दोघं जण एकाच मॉडेलचे शूज वापरत होते. ताज्या पायांवर दोघांचंही धावणं सुरेख. लाँग रनच्या शेवटी एकाची टाच जमिनीला टेकली की शूजची मागची पट्टी सरळ उभी राहायची. दुसऱ्याच्या शूजचा आतला फोम एका बाजूने चेपलेला दिसायचा, मागची पट्टी आत कलायची आणि पाय उचलताना टाच शूजमध्येच बाहेरच्या बाजूला सरकायची. चित्र थांबवून पाहिलं तर त्या एका क्षणी घोटा आणि गुडघा एका रेषेत नव्हते. तो म्हणत होता, ‘मस्त उसळी येतेय सर.’ उसळी येतच होती, पण ती तिरकी होती आणि तिला सरळ करायचं काम त्याच्या पोटरीचे नि नडगीजवळचे स्नायू करत होते. त्याला मी जरा रुंद बुडाच्या आणि कमी उंचीच्या शूजवर आणलं. ताज्या पायांवर ते इतके चपळ वाटत नाहीत, पण शेवटच्या पाच किलोमीटरांत त्याचा पेस टिकतो.

हे शूज उंच असतात, बहुतेकांची टाच चाळीस मिलिमीटरच्या जरा खाली. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने जानेवारी 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी 40 मिलिमीटरची मर्यादा घातली, सोबत एकाच प्लेटची अट, म्हणून कंपन्या त्या रेषेला चिकटून बनवतात. उंच, मऊ आणि टाचेला अरुंद, हे तिन्ही एकत्र आले की घोट्याला धरून ठेवायचं काम वाढतं. व्हिडिओ काढायला कुणी नसेल तर कान वापरा. रस्ता शांत असताना पावलांचा आवाज ऐका. डाव्या-उजव्याचा आवाज वेगळा होऊ लागला, किंवा शेवटी शेवटी ‘टप’ऐवजी ‘फट्’ असा पाय आपटल्याचा आवाज आला, तर पाय शूजवरचा ताबा सोडतोय.

वळणंही तपासा. शर्यतीत यू-टर्न असतातच, आणि आपल्याकडे वळणाच्या आतल्या बाजूला हमखास बारीक खडी साचलेली असते. या शूजच्या तळाला रबर पातळ असतं, काहींना तर मधल्या भागात नुसता फोमच. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर यांना घेऊन जाऊच नका. कोरड्या रस्त्यावर रेसच्या पेसने एक यू-टर्न मारून बघा. टाच शूजच्या बाहेर जाते असं वाटलं तर लेस बदला. वरच्या शेवटच्या भोकातून लेसचं छोटं कडं करून दुसरी लेस त्यातून ओवली की टाच घट्ट बसते. तरीही सुटत असेल तर माप किंवा मॉडेल चुकलंय.

मापाबद्दल थोडंच सांगतो. शूज संध्याकाळी घालून बघा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि लाँग रनमध्येही सुजतात. मोजे रेसचेच. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपल्याकडे बऱ्याच जणांचे चवडे रुंद असतात आणि या शूजची वरची जाळी ताणली जात नाही, त्यामुळे करंगळीपाशी टोचत असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. नाशिकच्या दुकानांत सगळी मॉडेल्स सगळ्या मापांत मिळतीलच असं नाही, ऑनलाइन मागवावी लागतात. परत घेण्याची सोय आहे का ते आधी वाचा आणि घरात स्वच्छ फरशीवरच घालून बघा. तळाला माती लागली की विषय संपला.

आता तुमच्या पोटऱ्या. एका पाच किलोमीटरनंतर दोन दिवस पोटऱ्या भरून येणं यात घाबरण्यासारखं काही नाही. ताठ प्लेट आणि मऊ फोम पायावरचा भार वेगळ्या जागी नेतात आणि तुमच्या स्नायूंना तो नवा होता. पण पायाच्या वरच्या भागात, घोट्याच्या जरा पुढे, आतल्या बाजूला बोटाने दाबल्यावर एका नेमक्या बिंदूला दुखत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा. तिथे नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं. कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या धावकांत या हाडाला ताणाची इजा झाल्याच्या पाच केसेस 2023 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या आहेत. पाच केसेसवरून शूज दोषी ठरत नाहीत, पण हे हाड रक्तपुरवठा कमी असल्याने सावकाश भरतं आणि साध्या एक्स-रेमध्ये ही इजा बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळा’ असं कुणी म्हणालं आणि दुखणं तिथेच असलं तर क्रीडावैद्यकाचा अनुभव असलेल्या ऑर्थोपेडिककडे जा आणि एमआरआयबद्दल विचारा.

शूज घेण्याआधी पायांची तयारी आहे का, याचं माझं मोजमाप सोपं आहे. भिंतीला बोट टेकवून एका पायावर टाच उचलणं, पूर्ण वर आणि सावकाश खाली, दोन्ही पायांनी न थांबता 25 वेळा जमायला हवं. बाराव्याला पाय थरथरला तर आधी सहा आठवडे हाच व्यायाम करा, दिवसाआड. हा खर्च शून्य आहे आणि शूज घेतले किंवा नाही घेतले तरी वेळ सुधारतो.

घेतलेच तर वापरायचे कसे? रोज नाही. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, हलक्या पेसने, फक्त ओळख म्हणून. दुसऱ्यात दोन-तीन छोटे वेगाचे तुकडे. तिसऱ्या-चौथ्यात टेम्पो. मग वर सांगितलेला 16 किलोमीटर. रेसच्या आधी एकूण पन्नासेक किलोमीटर झालेले असावेत. बाकी सगळा सराव साध्या शूजमध्ये, म्हणजे तळव्याचे आणि घोट्याचे स्नायू आपलं काम विसरत नाहीत. आणखी एक व्यावहारिक कारण आहे. हा फोम थकतो. स्पेनमधल्या संशोधकांनी 450 किलोमीटर वापरलेल्या पीबा शूजची तुलना केली तेव्हा नव्या जोडीतला फायदा त्यात उरलेला नव्हता, साध्या ईव्हीए शूजच्या बरोबरीला आले होते. बाहेरून ते चकचकीत दिसले तरी. रोज घालून 22,000 चे शूज तीन महिन्यांत साधे करून घेण्यात अर्थ नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.

हे सगळं धरून तुमच्या बाबतीत माझं मत असं. आज लगेच घेऊ नका. आधी सहा आठवडे आठवड्यातून एक टेम्पो रन आणि टाच उचलण्याचा व्यायाम नेमाने करा आणि मग साध्या शूजमध्ये 10 किलोमीटर पूर्ण जोर लावून पळा. 48 मिनिटांच्या आसपास आलात तर 1:45 टप्प्यात आहे, आणि मग दीड मिनिटासाठी पैसे घालणं मला पटतं. 51-52 वर राहिलात तर शूजने ती दरी भरणार नाही. ते पैसे चांगल्या फोमच्या, नायलॉन प्लेटच्या किंवा बिनप्लेटच्या सरावाच्या शूजवर घाला. ते निम्म्या किमतीत येतात, आठवड्यातून तीनदा वापरता येतात आणि पुढच्या जानेवारीपर्यंत टिकतात. घ्यायची वेळ आली तर सगळ्यांत वेगवान म्हणून गाजलेलं मॉडेल सोडा आणि टाचेपाशी रुंद असलेलं निवडा. तुमच्या पेसला स्थिर पायाची किंमत उसळीपेक्षा जास्त आहे.

मित्राचे शूज तुमच्या मापाचे असतील तर चार तुकड्यांची ती चाचणी त्याच्याच जोडीवर घ्या. पैसे घालण्याआधी एवढं फुकट कळत असेल तर ते सोडू नका. रविवारी सकाळी घ्यायची असेल तर शनिवारी पायांना पूर्ण विश्रांती द्या, छातीच्या पट्ट्याचा सेल आधी तपासून ठेवा, आणि चारही तुकड्यांचे ठोके तिथेच रस्त्याच्या कडेला फोनमध्ये लिहून घ्या, घरी येईपर्यंत थांबू नका.